भट्टीच्या खोलीत शिंकू नये

दारावर पाटी होती. लाल शाईने, ठळक अक्षरांत लिहिलेली: 'आत शिंकू नये.' आता अशी पाटी वाचल्यावर कुणाही भल्या माणसाच्या नाकाला खाज सुटणारच. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? शिवाय तो काही त्या खोलीत जायला निघालेलाच नव्हता. कंपनीतला पहिला दिवस, बाहेर कडाक्याची थंडी, खांद्याला पिशवी, आणि जिन्यापाशी डावीकडे वळायचं ते हा पठ्ठ्या उजवीकडे वळून जिना चढला. दार ढकललं, आतून ऊबदार हवेचा झोत तोंडावर आला, आणि—

"आ... आ... आक्छी!"

समोरच्या टेबलावर कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ, चकचकीत पट्ट्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. त्या सगळ्याच्या सगळ्या उडाल्या. उडाल्या त्या जमिनीवर पडल्या, आणि पडल्या त्यांचा चुरा झाला. काचेचा व्हावा तसा, पण आवाज न करता.

टेबलापाशी उभी असलेली मुलगी ओरडली नाही. हीच तर पंचाईत झाली. ओरडली असती तर तो 'सॉरी, सॉरी' करत पळाला असता आणि ही गोष्ट दारातच संपली असती. ती नुसती हातात चिमटा धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली ना. वाचली म्हणूनच आली."

"पाटी वाचून शिंक आली?"

"म्हणजे... आधी नव्हती. पाटीने आठवण करून दिली."

तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. हसू आलं असावं, पण तिने ते तिथल्या तिथे परतवून लावलं. "दार लावा. एका हाताने नाक धरा. दुसऱ्या हातात हा दुसरा चिमटा घ्या. सकाळपासूनच्या माझ्या कामाचा चुरा झालाय, तो गोळा करायला मदत करा."

अशा रीतीने नोकरीच्या पहिल्याच दिवशी आपला हा गडी नाक मुठीत धरून कामाला लागला. गुडघ्यांवर बसून तो चुरा वेचत होता, आणि वेचता वेचता मान वर करून बघत होता. तिच्या लक्षात आलं नाही, अशी त्याची समजूत होती.

"कुठल्या विभागात आलात?"

"कॉइल," तो नाकातून म्हणाला.

"नाक सोडलंत तरी चालेल आता. पट्ट्या संपल्या उडायच्या."

तेवढ्यात कुणीतरी दारातून डोकावून "ताई, साहेब बोलावतात" असं म्हणून गेलं. ती जाताना वळून म्हणाली, "चहाच्या सुट्टीत जिन्यापाशी नीट बघून ठेवा, शिंकोबा. कॉइल डावीकडे." झालं! संध्याकाळपर्यंत कंपनीभर त्याचं तेच नाव झालं. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव पगारपत्रकापुरतं उरलं.

आता तिच्याबद्दल. तिला तिथे सगळे ताई म्हणत. वयाने मोठी माणसंसुद्धा. आपणही म्हणायला हरकत नव्हती, पण मग पुढच्या गोष्टीचं काही खरं नाही. आपण तिला भट्टीवाली म्हणू या. ती कंपनी फोनला वायरशिवाय चार्ज करणारी पॅड बनवायची. फोन नुसता वर ठेवायचा, की झालं. पॅडच्या पोटात असते तांब्याच्या तारेची कॉइल. ती वरच्या फोनला वीज पोचवते, पण निम्मं बळ खालीही सांडतं, आणि तिथल्या धातूला उगाच तापवत बसतं. म्हणून कॉइलच्या खाली एक ढाल घालावी लागते. जुनी ढाल जाडजूड होती, फरशीसारखी. भट्टीवालीने नवी केली होती. लोखंडाच्या एका खास मिश्रधातूची केसाहून बारीक पट्टी आणायची, भट्टीत भाजायची, चिकट फिल्मवर थर लावायचे, आणि त्यातून चकत्या कापायच्या. ढाल कागदाएवढी पातळ! गेली काही वर्षं तिने दुसरं काही केलंच नव्हतं म्हणा ना.

शिंकोबाचं त्या खोलीत काही काम नव्हतं. पण थंडीचे दिवस होते, आणि कंपनीत ऊबदार अशी ती एकच खोली होती. निदान तो सगळ्यांना कारण तरी तेच सांगायचा.

"पुन्हा आलात?"

"बोटं गारठली हो. बोटं गारठली, की कॉइल वाकडी गुंडाळली जाते."

"कॉइल यंत्र गुंडाळतं."

"यंत्राकडे बघणारी बोटं तर माझीच ना?"

ती खुर्चीवरच्या पिशव्या बाजूला करायची. बस म्हणायची नाही, पण पिशव्या बाजूला करायची. त्याला तेवढं पुरे होतं.

एकदा तिने त्याला भाजण्याआधीची पट्टी दिली. बोटाला गुंडाळून बघितली तर छान वळली. मग भट्टीतून निघालेली दिली, म्हणजे दिली नाही, नुसती दाखवली. "हिला हात लावायचा नाही. फुंकर मारलीत तरी मोडेल."

"भट्टीत जाऊन एवढी नाजूक होते?"

"नाजूक होते, पण शहाणी होते. आपण हिला मऊ चुंबक म्हणतो. हाताला मऊ नव्हे हं, स्वभावाने मऊ. कॉइलने बोलावलं, की लगेच चुंबक होते. कॉइल गप्प बसली, की लगेच सगळं विसरते. मनात काही ठेवत नाही. सेकंदाला लाखभर वेळा रुसवा आणि लाखभर वेळा समेट."

"तुमच्यासारखी?"

"मी?" ती भट्टीच्या काट्याकडे बघत म्हणाली. "मी काहीच विसरत नाही. पहिल्या दिवशी किती पट्ट्या मोडल्यात, तेसुद्धा."

"अहो, ते माफ करा की आता..."

"सगळे मला ताई म्हणतात. तुम्ही एकटे 'अहो' करता. का?"

त्याची भंबेरी उडाली. "सगळे म्हणोत," तो चहाच्या कपात बघत पुटपुटला. "मी नाही म्हणणार."

"का पण?"

"...जीभ वळत नाही."

ती पुन्हा भट्टीकडे वळली. पण त्या दिवशी ती भट्टीचा काटा दोनदा बघायला विसरली, हे मी तुम्हाला सांगून ठेवतो.

आणि मग ती दुपार आली, जिच्यामुळे पुढचं सगळं रामायण घडलं. त्या दिवशी भट्टी थंड होती आणि तिला वेळ होता. "चला, आज तुम्हाला पुढचं सगळं दाखवते. लक्ष देऊन ऐका. ही या धंद्यातली खरी गंमत आहे," असं म्हणून ती त्याला कोपऱ्यातल्या रोलरपाशी घेऊन गेली. कपडे पिळायच्या जुन्या यंत्रासारखे दोन रोलर होते, एकावर एक. तिने हातात पांढरे मोजे चढवले आणि बोलायला लागली.

"हे बघा, फिल्मवर पट्टी अशी बसवली, की..."

तिच्या उजव्या कोपराला फिल्मचा एक इवलासा तुकडा चिकटला होता. ती हात हलवून बोलायची, तसा तो लुकलुकायचा. तिला त्याचा पत्ताच नव्हता. सांगावं का? सांगितलं तर ती तो काढून टाकेल...

"...हा वरचा रोलर मुद्दाम खरबरीत ठेवलाय. कारण..."

कपाळावर एक बट येत होती. हातात मोजे, त्यामुळे ती बट हाताने सारता येईना. म्हणून ती खालचा ओठ पुढे काढून फुंकर मारायची. बट उडायची आणि पुन्हा जागेवर. फुंकर — बट — फुंकर — बट. आणि ते करतानाही बोलणं चालूच!

"...नाहीतर सगळंच मुसळ केरात. कळलं ना?"

"अगदी," शिंकोबा म्हणाला आणि गंभीरपणे मान डोलावली. आधीही तो मधून मधून मान डोलावत होताच. कुणाला वाटावं, केवढा हुशार विद्यार्थी!

थंडी सरत आली, तशी बातमी आली. एका मोठ्या गाड्यांच्या कंपनीचे पाहुणे येणार होते. त्यांना गाडीत बसवायला पातळ पॅड हवी होती. ते स्वतः चाचणी बघणार. नवी ढाल कसोटीला उतरली तर ऑर्डर मिळणार. नाही उतरली तर साहेबांनी सांगून टाकलं होतं: भट्टीची खोली बंद, जुन्या जाड ढाली बाहेरून विकत घ्यायच्या, आणि भट्टीवालीची बदली डोंगरापलीकडच्या कारखान्यात. तिथे तिला पट्ट्यांची रिळं मोजायचं काम. राहायचंही तिथेच.

"डोंगरापलीकडे म्हणजे किती लांब?" त्याने विचारलं.

"रोज चहाच्या सुट्टीत बोटं शेकायला येता येणार नाही, एवढं लांब."

दोघंही हसले. मग दोघंही हसायचे थांबले.

चाचणीच्या आदल्या दिवशी तिने चकत्यांचा डबा त्याच्या हातात ठेवला. चकत्या कॉइलखाली बसवून पॅड बंद करायचं काम त्याच्याकडे होतं. "माझा जीव आहे यात," ती म्हणाली. "सांभाळून."

"तळहातावर घेऊन जातो."

आणि खरोखरच तो तळहातावर घेऊन निघाला. खाली साहेब पाहुण्यांना घ्यायला निघाले होते, त्यांच्याबरोबर ती फाटकापर्यंत गेली. हा जिन्याने उतरत होता. अर्ध्या जिन्यात खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी नाकावर आली, आणि—

डबा पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला.

डबा उचलून तो आपल्या खोलीत धावला, दार लोटलं, झाकण उघडलं. वरवर बघता चकत्या शाबूत होत्या. पण वरवर बघून कसं चालेल? त्याने तारा तपासायचं भिंग पुढे ओढलं, एक चकती त्याखाली ठेवली, आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पारदर्शक फिल्मखाली तडेच तडे. बारीक, केसासारखे, वाळलेल्या तळ्याच्या मातीला जातात तसे इकडून तिकडे. दुसरी बघितली. तेच. तिसरी. तेच. एकूण एक चकती फुटलेली!

फुंकर मारलीत तरी मोडेल, असं म्हणाली होती ती. याने तर जिन्यावरून फेकल्या होत्या.

तिला जाऊन सांगायला हवं होतं. अहो, कुणालाही कळतं ते. पण 'माझा जीव आहे यात' हे शब्द अजून कानात होते. पहिल्या दिवशी शिंकेने सकाळ मोडली, आता शिंकेने वर्षं मोडली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि तेवढ्यात त्याला आठवलं: तिच्या कपाटात अगदी अशाच चकत्यांचा आणखी एक डबा आहे. कशासाठी तरी ठेवते ती. तो गुपचूप वर गेला, खोलीत कुणी नव्हतं, डबा घेतला, भिंगाखाली धरला. आरशासारख्या स्वच्छ! एकही तडा नाही. 'हुश्श,' तो स्वतःशी म्हणाला. त्याने त्या चकत्या कॉइलखाली बसवल्या, पॅड बंद केलं, आणि फुटलेल्या चकत्यांचा डबा आपल्या खणात लपवला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे खुर्च्यांवर बसले. त्यांतले थोरले जाड चष्म्याचे गृहस्थ होते, फार कमी बोलणारे. पॅडवर फोन ठेवला. शेजारच्या पडद्यावर तापमानाचा आकडा दिसायला लागला. ती भिंतीला टेकून उभी होती, हातांची घडी घालून, शांत.

आकडा चढला. चढतच गेला. साहेबांनी घसा खाकरला. थोड्याच वेळात पॅड इतकं तापलं, की त्याने आपलं आपणच बंद होऊन घेतलं. चष्म्याच्या गृहस्थांनी हळूच हात लावून बघितला आणि झटकन मागे घेतला.

"माझंच कुठेतरी चुकलं असेल," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा. "भट्टीचं तापमान असेल. पॅड उघडून बघू का?"

"राहू द्या ताई," साहेब म्हणाले. रागावून नव्हे, आणि तेच जास्त वाईट होतं. "पाहुणे उद्या दुपारी निघतील. आता आणखी शोभा नको."

शिंकोबाला आधी वाटलं, बरं झालं, निदान माझ्यामुळे तरी नाही. चांगल्यातल्या चांगल्या, बिनतड्याच्या चकत्या लावल्या होत्या आपण! त्याही चालल्या नाहीत, तर फुटलेल्यांनी काय दिवे लावले असते? असं त्याने स्वतःला घरापर्यंत समजावलं. घरी दादा आणि वहिनी. वहिनीने त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसली.

"भाऊजी, घास चावा. नुसतं ताटाकडे बघून पोट भरत नाही. काय झालं? तुमच्या भट्टीवालीचा निकाल काय लागला?"

"माझी कुठली?"

"बरं, कंपनीची. निकाल काय लागला?"

वहिनीपुढे त्याचं काही चालायचं नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. जिना, शिंक, डबा, कपाट, सगळं. वहिनी ऐकत होती. दादाने पाण्याचा पेला तोंडाशी नेऊन तसाच धरून ठेवला होता.

"मला ते चुंबकाचं काही कळत नाही हं," वहिनी शेवटी म्हणाली. "पण तिने परीक्षेला दिल्या त्या चकत्या तुम्ही लावल्याच नाहीत. मग नापास कोण झालं?"

तो भाजीत बोट फिरवायला लागला.

"तिला ठाऊक आहे का हे?"

"नाही."

"म्हणजे ती आत्ता घरी बसून स्वतःला बोल लावत असेल. आणि तुम्ही इथे बसून भाजीत बोट फिरवताय. भाऊजी, प्रेम करायचं तर करा हो, आम्ही कुठे नाही म्हणतो? पण आधी माणसासारखं वागा."

सकाळी तो वेळेच्या आधी कंपनीत गेला. ती त्याच्याही आधी आलेली. कपाट रिकामं करत होती, पुस्तकं एका खोक्यात भरत होती. भट्टी थंड होती. खोलीत पहिल्यांदाच गारठा जाणवत होता.

"आलात? बसा. आज ऊब नाही मात्र."

त्याने खणातला डबा तिच्या टेबलावर ठेवला. "मला काहीतरी सांगायचंय. मध्ये थांबवू नका, नाहीतर माझा धीर सुटेल. या तुमच्या चकत्या. परवा तुम्ही दिलेल्या. पॅडमध्ये लावल्या त्या या नव्हत्या."

तिचा हात पुस्तकावर थांबला.

"जिन्यात शिंक आली. डबा पडला. भिंगाखाली बघितलं तर सगळ्यांना तडे. तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. म्हणून कपाटातल्या दुसऱ्या लावल्या. बिनतड्याच्या."

"बिनतड्याच्या," ती हळूच म्हणाली.

"हो. चांगल्या. आरशासारख्या."

ती खाली बसली. तिने डबा उघडला, एक चकती खिडकीकडे धरून बघितली आणि बराच वेळ तशीच धरून राहिली. "अहो... हे तडे मी पाडलेत."

"काय?"

"मी. मुद्दाम. या रोलरखालून काढून." तिने रोलरकडे बोट दाखवलं. "अखंड पट्टीत विजेचे भोवरे मोकाट फिरतात, आणि पट्टीच तापते. म्हणून तिला बारीक बारीक फोडायची. तुकडे फिल्मला धरून जागच्या जागी राहतात, पण भोवऱ्यांना फिरायला जागा उरत नाही. ही सगळी ढाल त्या तड्यांवर चालते! कपाटातल्या चकत्या नुसत्या तुलनेसाठी होत्या. न फोडता किती तापतं, ते दाखवायला."

शिंकोबाने तिच्या हातातल्या चकतीकडे पुन्हा एकदा बघितलं.

"काल मी बाबांना फोन केला," ती म्हणाली. आता डोळ्यांतलं पाणी तिने लपवलं नाही. "म्हटलं, बाबा, तुमच्या लेकीला नाही जमलं. ते म्हणाले, असू दे बाळा. रात्रभर मी भट्टीचे आकडे आठवत होते, कुठे चुकलं, कुठे चुकलं... आणि तुम्ही सगळं माहीत असून मूग गिळून बसलात!"

"हो."

"आणि तड्यांचं मी तुम्हाला सांगितलं होतं. इथेच, या रोलरपाशी उभं राहून. सगळं! तुम्ही मान डोलावत होतात!"

"मी ऐकत नव्हतो."

"मग काय करत होतात एवढा वेळ?"

खोटं बोलायला अजूनही वाव होता. कान दुखत होता म्हणता आलं असतं. पण त्याला वाटलं, आता एवढं सांगितलंय तर उरलंसुरलंही सांगून मोकळं व्हावं. "बघत होतो."

"काय?"

"तुमच्याकडे. कोपराला फिल्मचा तुकडा चिकटला होता तुमच्या. बोलताना हलायचा. आणि ती बट... मोजे होते ना हातात, म्हणून तुम्ही फुंकर मारत होतात. पट्टीबद्दलचा एक शब्द मला आठवत नाही. 'कळलं ना' म्हणालात, तेवढं आठवतं." त्याने डब्याचं झाकण लावलं. "मला तुम्ही आवडता. फार. पहिल्या शिंकेपासून. हे असं सांगायचं नव्हतं मला, पण माझ्या चुकीचं दुसरं काही कारणच नाही."

ती वळून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. रागाने की कशाने, हे पाठीमागून कळायला मार्ग नव्हता.

"साहेबांना सांगणार आहात?"

"आत्ता जातो. पाहुणे अजून आहेत."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल तर जाईल. तुमची भट्टी राहील."

तो गेला. साहेबांच्या खोलीत, पाहुण्यांच्या देखत, त्याने शिंकेपासून सगळं सांगितलं. बटेचं तेवढं वगळलं. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग जांभळा. ते बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात चष्म्याचे गृहस्थ खुर्चीत मागे रेलून चक्क हसायला लागले. कालपासून त्यांचे दात कुणी बघितले नव्हते.

"तडे बघून घाबरलात?" ते म्हणाले. "अहो, मग न फोडलेली चकती किती तापते, हे तुम्ही काल आम्हाला फुकटात दाखवलंत की! आता फोडलेली दाखवा. गाडी दुपारची आहे आमची."

नव्या पॅडमध्ये चकत्या तिने स्वतःच्या हाताने बसवल्या. शिंकोबाला दारातच उभं राहायला सांगितलं होतं, नाकाला रुमाल लावून. पॅडवर फोन ठेवला. आकडा चढला... जरासा चढला... आणि थांबला. सगळे वाट बघत राहिले. तो पुढे सरकेचना. चष्म्याच्या गृहस्थांनी पॅडवर तळहात ठेवला आणि निवांत तिथेच राहू दिला. "चला, चहा मागवा," ते साहेबांना म्हणाले. शिंकोबाचा जीव भांड्यात पडला. तिने भिंतीला टेकून डोळे मिटले, आणि मग फोन घेऊन बाहेर गेली. बाबांना सांगायला.

साहेबांनी त्याला कामावरून काढलं नाही, पण सोडलंही नाही. यापुढे नमुन्यांच्या डब्याला हात लावायचा नाही, आणि उन्हाळा संपेपर्यंत मागच्या गोदामात तारेची रिळं तपासत बसायचं. त्याने निमूटपणे मान डोलावली. या वेळी मात्र प्रत्येक शब्द ऐकून.

संध्याकाळी पिशवी उचलून तो निघाला. भट्टीवालीच्या दारावरून जाताना पावलं अडखळली, पण आत जायचा धीर होईना. दार उघडं होतं. आतून ऊब येत होती.

"शिंकोबा, इकडे या."

तो गेला. तिने खोक्यातली पुस्तकं पुन्हा कपाटात लावली होती. ती रोलरपाशी उभी होती, हातात मोजे.

"सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगणार आहे. पण या वेळी डोळे मिटून ऐकायचं."

त्याने डोळे मिटले. ती सांगू लागली. भाजल्यावर पट्टी ठिसूळ का होते. फिल्म दोन्ही बाजूंनी का लावायची. वरचा रोलर खरबरीत का. तडे फार मोठे राहिले तर काय होतं आणि फारच बारीक झाले तर ढाल कशी अशक्त होते. डोळे मिटल्यावर त्याला पहिल्यांदाच कळलं, की ती किती छान समजावून सांगते. आवाज हळूहळू जवळ येत होता. मध्येच फू करून एक फुंकर ऐकू आली, आणि त्याने मोठ्या कष्टाने डोळे मिटलेलेच ठेवले.

"संपलं. कळलं ना?"

"कळलं. विचारा काहीही."

"एकच राहिलं. तुम्ही त्या दिवशी ऐकत नव्हतात, हे मला माहीत होतं."

"काय?" त्याने खाडकन डोळे उघडले. ती अगदी समोर उभी होती. "माहीत होतं? कधीपासून?"

"तेव्हापासूनच. मी मध्येच म्हटलं होतं, 'ही पट्टी आम्ही झाडावरून तोडून आणतो.' तुम्ही म्हणालात, 'अगदी.'"

"अहो, मग एवढा वेळ सांगत कशाला बसलात?"

तिने मोजे काढले. सावकाश, एकेक बोट सोडवत. वर बघितलंच नाही.

"थांबले असते," ती म्हणाली, "तर तू बघायचं थांबवलं असतंस."

भट्टीचा पंखा घूं घूं करत होता. ती बट पुन्हा कपाळावर आली. तिने फुंकर मारायला ओठ पुढे काढला, पण त्याआधीच शिंकोबाने हात पुढे करून ती हळूच कानामागे सारली. तो काहीतरी बोलणार होता. खूप छान वाक्य जुळवलंही होतं त्याने मनात... आणि नेमकं तेव्हाच त्याचं नाक हुळहुळलं. डोळे बारीक झाले, तोंड उघडलं, "आ... आ..."

तिने चटकन दोन बोटांत त्याचं नाक पकडलं. शिंक आली तशी विरून गेली.

"पाटी वाचली नाहीस?" ती म्हणाली, आणि नाक काही सोडलं नाही.